जुन्या जिप्सीचा क्लच पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा : गिअरबॉक्स उतरवण्याआधीची तपासणी

इंजिन चालू असताना रिव्हर्स टाकायला गेले की दातावर दात घासल्याची करकर ऐकू येते, सिग्नलला थांबल्यावर पहिला गिअर दोन-तीन प्रयत्नांनंतर बसतो, आणि इंजिन बंद केले की मात्र तेच गिअर कसलीही कुरकुर न करता अलगद पडतात. जुनी फोर बाय फोर गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांनी ही तक्रार कधी ना कधी अनुभवलेली असते आणि तिच्यावरचा ठरलेला निर्णयही ऐकलेला असतो : क्लच प्लेट गेली आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. कधी तो निर्णय बरोबर असतो. माझ्या गाडीच्या बाबतीत तो एका वर्षात दोनदा चुकला. तो का चुकला आणि चूक आधीच कशी ओळखता आली असती, हे सविस्तर लिहून ठेवतो.

माझी गाडी १९९८ सालची मारुती जिप्सी किंग आहे. जिप्सी भारतात १९८५ च्या अखेरीस आली, तेव्हा तिला ९७० सीसीचे इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये आलेल्या किंगला १२९८ सीसीचे कार्बोरेटर इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तर २००० पासून तेवढ्याच सीसीचे, पण १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन आले. इंजिने बदलली तरी मांडणी मात्र तीच राहिली : क्लच साध्या केबलवर चालतो, इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स असतो, त्याच्यापासून एक आखूड शाफ्ट मागे जातो आणि रबराच्या तीन माउंटिंगवर टांगलेल्या स्वतंत्र ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीला, मिळतो. ही मांडणी दुरुस्तीला फार सोयीची आहे, कारण एक भाग उतरवण्यासाठी दुसरा उघडावा लागत नाही. परंतु तीन वेगळे भाग एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे एका जागचे दुखणे दुसऱ्या जागी जाणवते, आणि निदान चुकण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते.

पहिल्यांदा रिव्हर्सची करकर सुरू झाली तेव्हा गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावर, दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग बदलण्यात आले, आणि केबल थोडी कडक वाटते म्हणून तीही नवीन टाकली गेली. गाडी सुरेख चालू लागली. पाच महिन्यांनी तीच करकर पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या कारागिराने आधीची प्लेट डुप्लिकेट असणार असा अंदाज बांधला आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. आतली प्लेट जवळजवळ कोरी निघाली, रिव्हेट पृष्ठभागाच्या पुरेसे खाली होते, तेलाचा डाग नव्हता. आता उघडलेच आहे तर, म्हणून तिच्या जागी दुसरी प्लेट बसवली आणि लगे हात केबलही बदलली. गाडी पुन्हा सुरेख चालू लागली. तिसऱ्या खेपेला ताम्हिणी घाटात केबल चक्क तुटली. दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवला आणि दोन्ही वेळा सोबत केबलही बदलली, त्यामुळे गुण कशाने आला हे कोणालाच कळले नव्हते. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की बिघाड जातो, पण त्याचे कारण मात्र गाडीतच राहते, हे मला त्या घाटात रस्त्याच्या कडेला बसून उमगले.

पेडलची मोकळी चाल कोणत्या दिशेने बदलते आहे?

केबलच्या क्लचमध्ये सगळ्यात आधी पाहायची गोष्ट म्हणजे पेडलची मोकळी चाल, म्हणजे पेडल हाताने दाबले असता खरा जोर लागण्यापूर्वी ते जितके सैल खाली जाते तितके अंतर. या गाडीत ते साधारण २० ते ३० मिलिमीटर असावे लागते, आणि खाली गिअरबॉक्सच्या बाजूला रिलीज आर्मच्या, म्हणजे केबल जो दांडा ओढते त्याच्या, टोकाशी मोजले तर २ ते ४ मिलिमीटर. ही चाल किती आहे हे सगळेच पाहतात. गेल्या वेळेपेक्षा ती वाढली की कमी झाली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि निदानाची अर्धी किल्ली नेमकी त्या प्रश्नात आहे.

क्लच प्लेट झिजली की ती पातळ होते, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने पुढे सरकते, आणि तिच्या डायफ्रॅमची (चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटे उलट मागे, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे येतात. त्यामुळे बेअरिंग आणि बोटे यांमधली फट कमी होते आणि पेडलची मोकळी चालही कमी होत जाते. चाल अजिबात उरली नाही तर बेअरिंग बोटांवर कायम टेकून राहते आणि क्लच घसरू लागतो. याचा अर्थ असा की झिजलेल्या प्लेटच्या गाडीत केबल वरचेवर सैल करावी लागते. याउलट चाल वाढत असेल, म्हणजे दर महिन्या-दीड महिन्याने केबल ताणून घ्यावी लागत असेल, तर प्लेट झिजत नसून पेडलपासून रिलीज आर्मपर्यंतच्या साखळीत काहीतरी ताणले जाते आहे, वाकते आहे किंवा तुटत चालले आहे. माझ्या गाडीत प्रत्येक वेळी केबल ताणावी लागत होती. ही एक नोंद वहीत असती तर दोन्ही वेळचा गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च वाचला असता.

चाल वाढण्याची कारणे मोजकीच आहेत आणि ती सगळी गाडीच्या बाहेरून तपासता येतात. केबलच्या आतली तार एकेक धागा करून तुटत जाते, आणि तुटलेले धागे बहुधा दोन्ही टोकांशी, अडकवणीच्या जवळ दिसतात. केबलचे बाहेरचे आवरण ज्या ब्रॅकेटमध्ये बसते तो ब्रॅकेट तडकतो, किंवा पेडल ज्या पत्र्यावर बसवलेले असते तो पत्राच गंजून लवू लागतो. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या प्रकाशात त्या पत्र्याकडे पाहावे. पत्रा श्वास घेतल्यासारखा पुढेमागे होत असेल तर नवी केबल टाकून काहीही साधणार नाही, आधी वेल्डिंग करून घ्यावे लागेल. तिसरी जागा म्हणजे खालचा रिलीज आर्म. तो आतल्या शाफ्टवर बारीक दात्यांनी बसतो आणि बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट सैल झाला की आर्म शाफ्टवर किंचित फिरतो आणि पेडलची बरीचशी चाल तिथेच वाया जाते.

यानंतर केबल रिलीज आर्मच्या टोकाशी सोडवून तार हाताने मागेपुढे ओढून पाहावी. चांगली केबल दोन बोटांनी सहज सरकते. ती कुठे अडखळत असेल, तर आवरणाचा मार्ग पाहावा, कारण एक्झॉस्टजवळून गेलेली किंवा तीव्र वळण घेतलेली केबल आतून लवकर खराब होते. केबल मोकळी असेल पण पेडल तरीही जड असेल, तर आर्म हाताने हलवून पाहावा. नदीनाल्यांतून फिरणाऱ्या गाड्यांत रिलीज शाफ्टचे बुश चिखलाने कोरडे पडून अडकतात, आणि त्याचा दोष बिचाऱ्या प्रेशर प्लेटवर येतो.

केबल जाळणारी अर्थिंगची पट्टी

माझ्या तुटलेल्या केबलचे आवरण मी उभे कापून पाहिले, तेव्हा आतले नायलॉनचे अस्तर वितळून तारेला चिकटलेले दिसले. माझी केबल एक्झॉस्टपासून चांगली लांब होती, त्यामुळे बाहेरून उष्णता पोहोचण्याचा प्रश्न नव्हता. उष्णता आतूनच आली होती, विजेमुळे.

इंजिन आणि गिअरबॉक्स चासिसवर रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, आणि रबर वीज वाहून नेत नाही. स्टार्टर फिरताना शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह इंजिनातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जावा लागतो, आणि त्यासाठी तांब्याची जाड वायर किंवा विणलेली पट्टी दिलेली असते. ती पट्टी गंजली, तिच्या बोल्टखाली रंग किंवा माती राहिली, किंवा गिअरबॉक्स उतरवताना काढलेली पट्टी परत लावायची राहून गेली, तर प्रवाह थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या वस्तू त्या भागात दोनच ठळक असतात : एक्सलरेटरची केबल आणि क्लचची केबल. प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना क्लचची तार क्षणभर हीटरच्या कॉइलसारखी तापते, अस्तर मऊ होते, तार त्यात रुतते, पेडल जड होते, जोर लावल्यामुळे तार ताणली जाते, क्लच पुरता सुटत नाही आणि शेवटी रिव्हर्सला करकर सुरू होते. विजेच्या दोषाचा आवाज असा गिअरबॉक्समध्ये ऐकू येतो.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. कार्बोरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची वायर सोडवावी आणि एमपीएफआय गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढावा, म्हणजे इंजिन सुरू न होता केवळ फिरेल. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूवर धरावे, आणि कोणालातरी चार-पाच सेकंद स्टार्टर मारायला सांगावे. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असावा. माझ्या गाडीत तो १.६ व्होल्ट आला. मीटर नसेल तर जंपर केबलने बॅटरीची ऋण खुंटी थेट इंजिन ब्लॉकला जोडावी. स्टार्टर एकदम जोमाने फिरू लागला तर पट्टी गेलेली आहे असे खुशाल समजावे. लागोपाठ पाच-सहा वेळा स्टार्टर मारून क्लच केबलच्या आवरणाला हात लावून पाहणे ही आणखी सोपी खूण, कारण तिथे ऊब लागण्याचे दुसरे काहीच कारण नसते.

उपाय किरकोळ आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जाड बॅटरी वायरचा तुकडा दोन्ही बाजूंना लग (बोल्टखाली बसणारे धातूचे टोक) प्रेस करून घ्यावा, दोन्ही ठिकाणचा रंग आणि गंज सँडपेपरने घासून धातू उघडा करावा, बोल्ट आवळून वरून ग्रीसचा हात द्यावा. मी बॅटरी ते इंजिन आणि इंजिन ते चासिस अशा दोन स्वतंत्र वायरी टाकल्या. त्यानंतर बसवलेली केबल आजतागायत मोकळी सरकते आहे.

दोष खरोखरच आत असेल तर

बाहेरचे सगळे ठीक असूनही रिव्हर्स घासत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही की सिंक्रो रिंगा (गिअर बसण्याआधी दातांचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) गेल्या आहेत, हे गाडी न उघडता ठरवता येते. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद गतीवर ठेवावे, पेडल तळापर्यंत दाबावे, पाच-सहा सेकंद तसेच थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच पूर्ण सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतला इनपुट शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स निःशब्द बसतो. थांबूनही करकर झाली तर क्लच ओढतो आहे, म्हणजे पुरता सुटत नाही. रिव्हर्स शांत बसत असेल पण चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसरा टाकतानाच घासत असेल, तर दोष सिंक्रोचा. खात्री करायची असेल तर डबल क्लच करून पाहावे, म्हणजे न्यूट्रलला पेडल सोडून एक्सलरेटरचा हलका झटका द्यावा, पुन्हा पेडल दाबून गिअर टाकावा. त्याने आवाज गेला तर सिंक्रो झिजला आहे यात शंका नाही.

केबल आणि आर्म ठीक असूनही क्लच ओढत असेल, तर आतल्या शक्यता पाहाव्या लागतात. फ्लायव्हीलच्या मध्यभागी इनपुट शाफ्टचे टोक ज्या छोट्या बेअरिंगमध्ये फिरते, ते पाण्याने गंजून जाम झाले तर प्लेट सुटली तरी शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो. शाफ्टच्या दात्यांवर गंज चढला की प्लेट मोकळी सरकत नाही. आणि प्लेट उलटी बसवली गेली असेल, तर नवा कोरा सेट टाकूनही पहिल्या दिवसापासून गिअर पडत नाहीत. हा प्रकार ऐकायला हास्यास्पद वाटला तरी प्रत्यक्षात घडतो.

क्लच घसरण्याची तक्रार वेगळी. चढावर चौथ्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि प्लेटच्या जळक्या अस्तराचा उग्र वास येतो. अशा वेळी आधी मोकळी चाल शिल्लक आहे ना ते पाहावे, कारण केबल गरजेपेक्षा ताणून ठेवल्यानेही चांगली प्लेट घसरते. चाल ठीक असेल तर प्लेट झिजली आहे किंवा तिच्यावर तेल आले आहे. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाशी थेंब दिसत असेल तर तो बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकाचा झोंबणारा वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो आणि ते सहसा काळे असते. गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे सील, इंजिन ऑइल असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे सील. नवे सील टाकूनही काही महिन्यांत इंजिनाचे तेल पुन्हा क्लचवर येत असेल, तर सीलला दोष न देता पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी झडप) आणि त्याच्या नळ्या तपासाव्यात. त्या तुंबल्या किंवा पिस्टन रिंगा झिजल्या की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. वारंवार तेलकट होणाऱ्या प्लेटमागे हे कारण मी इतरांच्या गाड्यांत दोनदा पाहिले आहे.

आवाजावरून बेअरिंग ओळखता येते, फक्त पेडल कधी दाबले आहे याकडे लक्ष हवे. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना घरघर आणि दाबल्यावर शांतता असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. पेडल दाबायला सुरुवात करताच चिवचिव किंवा घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून उभे असताना बारीक किंचाळी ऐकू येत असेल तर फ्लायव्हीलमधले छोटे बेअरिंग.

गिअर सुटतो, गाडी थरथरते

चालताना एक्सलरेटर सोडला की गिअर आपोआप न्यूट्रलला येतो, या तक्रारीवरही गिअरबॉक्स उघडण्याची घाई नको. लिव्हरचा रबरी बूट वर करून खालचा नायलॉनचा बुश पाहावा. तो झिजून तुकडे झालेला असेल तर लिव्हर पुरता पुढे जात नाही आणि गिअर अर्धवट बसतो. बुश किरकोळ किमतीचा असतो आणि अर्ध्या तासात बदलतो. त्यानंतर इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या माउंटिंगचे रबर पाहावे. रबर फाटले असेल तर जोर पडताच संपूर्ण जुडगा फिरतो आणि लिव्हर बॉडीला टेकतो. क्लच सोडताना गाडी थरथरते, या तक्रारीचेही हेच एक मोठे कारण आहे. दुसरे कारण म्हणजे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधल्या आखूड शाफ्टचे जॉइंट क्रॉस. चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून तो शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवावा. खटखट लागली तर क्रॉस बदलावेत. हे सगळे नीट असूनही गिअर सुटत असेल, तर आतल्या गोळ्या-स्प्रिंगा, शिफ्टर फोर्क किंवा गिअरचे दात झिजलेले असतात, आणि मग मात्र उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

ट्रान्सफर केसबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग; फोर-लोमध्ये वेग कमी, जोर जास्त) वळणे घेतली की पुढच्या आणि मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत, शाफ्टांमध्ये पीळ साठतो, आणि लिव्हर परत टू-व्हीलवर आणता येत नाही. पुष्कळांना हा गिअरबॉक्सचा बिघाड वाटतो. लिव्हरवर लाथा घालण्याऐवजी गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्यावी, पीळ उलगडतो आणि लिव्हर आपसूक येतो. हाय-लोमध्ये मात्र सिंक्रो नाही, म्हणून लो टाकताना गाडी पूर्ण थांबलेली असावी.

तेल पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सवर कोणताही निवाडा देऊ नये. पाच गिअरच्या बॉक्समध्ये सुमारे १.३ लिटर आणि ट्रान्सफर केसमध्ये सुमारे ०.८ लिटर तेल बसते, आणि ते सपाट जागेवर बाजूच्या बुचाच्या भोकापर्यंत भरायचे असते. गिअरबॉक्ससाठी ८०डब्ल्यू-९० श्रेणीचे जीएल-४ तेल घ्यावे. डिफरन्शिअलसाठीचे जीएल-५ तेल स्वस्तात मिळते म्हणून तेच सगळीकडे ओतण्याची पद्धत आहे, पण त्यातली रसायने पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. काढलेले तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात पाहावे. करड्या रंगाचा बारीक लेप वयपरत्वे चालतो, सोनेरी चमक सिंक्रो रिंगांची असते, आणि बोटाला लागणारा पोलादी तुकडा दिसला तर गाडी तिथेच उभी करावी. तेल दुधाच्या चहासारखे झाले असेल तर आत पाणी आहे. तापलेला गिअरबॉक्स ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा ये-जा करण्याचे छिद्र) किंवा सील कमजोर असेल तर तो बाहेरचे पाणी आत ओढून घेतो. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन ठेवलेली बरी.

उतरवण्याची वेळ आलीच तर

मग काम एकदाच पण पूर्ण करून घ्यावे. रिव्हेटची टोके प्लेटच्या पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिली असतील तर प्लेट बदलण्याजोगी झाली आहे. तिच्यासोबत रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधले छोटे बेअरिंग आणि पुढचे-मागचे दोन्ही सील बदलावेत, कारण त्यांची किंमत मजुरीच्या मानाने थोडी असते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर घासून घ्यावे. प्लेट मध्यावर धरण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट वापरावा, कव्हरचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत, आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार क्षणभरही प्लेटच्या मध्यावर लटकू देऊ नये, नाहीतर नवी प्लेट बसण्याआधीच वाकते. दात्यांवर ग्रीस लावायचे ते नावापुरते. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवण्याची सवय मात्र कारागिराला आवर्जून मोडायला सांगावी. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. सर्वांत शेवटी अर्थिंगची पट्टी परत लागली आहे ना, हे स्वतः वाकून पाहावे.

रानात केबल तुटली तर गाडी तिथेच सोडून यावे लागत नाही. इंजिन बंद करून ट्रान्सफर केस फोर-लोमध्ये आणि गिअर पहिल्यात टाकावा, समोर माणूस किंवा अडथळा नाही याची खात्री करावी, आणि तसाच स्टार्टर मारावा. किंगच्या ट्रान्सफर केसचे लो गुणोत्तर २.२६८ आहे, हायचे १.४०९, त्यामुळे स्टार्टर गाडी सहज पुढे ढकलतो आणि इंजिन चालत्या गाडीत सुरू होते. ताम्हिणीत मी असाच निघालो. कच्चा रस्ता संपेपर्यंत लोमध्येच राहिलो, डांबरावर येऊन थांबलो, टू-हाय टाकून उतारावर पुन्हा तसेच सुरू केले. पुढचे गिअर एक्सलरेटर सोडून, इंजिनाचा वेग उतरण्याची वाट पाहत, लिव्हरवर हलका दाब ठेवून टाकले. दोनदा करकर झाली. पौडला येईपर्यंत हात बसला होता.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि एकही गिअर पडत नाही, तेव्हाही हातोडी उचलू नये. पेडल तळापर्यंत दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा अडकवून रात्रभर ठेवावा. तेवढ्याने न सुटल्यास मोकळ्या मैदानात इंजिन गरम करून बंद करावे, वर सांगितल्याप्रमाणे लोमध्ये गाडी सुरू करावी, आणि पेडल दाबलेले ठेवून एक्सलरेटर आलटून पालटून दाबत-सोडत राहावे. बहुतेक वेळा काही मीटरच्या आत टण्ण आवाज होऊन प्लेट सुटते. सुटल्यावर पाच-दहा मिनिटे गाडी चालवून, क्लच चार-सहा वेळा वापरून गंज घासून काढावा.

माझ्या गाडीत आता दुसरा गिअर सकाळी थंड असताना पहिल्या किलोमीटरभर थोडा घासतो, म्हणजे सिंक्रोचे वय झाले आहे, आणि डबल क्लचने तो निमूट बसतो तोवर मी त्याला हात लावणार नाही. ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत दर महिन्याला दोन आकडे लिहितो : पेडलची मोकळी चाल, आणि केबलच्या ॲडजस्टरचे नटाबाहेर राहिलेले आटे. गेल्या अकरा महिन्यांत चाल २६ वरून २४ मिलिमीटरवर आली आहे, आटे जसेच्या तसे आहेत.